अंगावर काढलेली चार वर्षं

‘सदर विद्यार्थिनी पोटदुखीचे कारण सांगून वारंवार वर्ग चुकवते. समुपदेशन व्हावे.’

वर्गशिक्षिकेने पाठवलेली चिठ्ठी एवढीच होती. ‘पोटदुखीमुळे’ नव्हे, ‘पोटदुखीचे कारण सांगून’. निकाल चिठ्ठीतच लागला होता, माझ्याकडे फक्त अंमलबजावणी आली होती.

चिठ्ठीमागोमाग मुलगी आली. वय सोळा. गणितात वर्गात पुढे, बाकी विषयांत बरी, आणि हसतमुख. इतकी हसतमुख, की समुपदेशकाच्या खोलीत पहिल्यांदा येणारं मूल असं नसतं. खुर्चीत बसताना तिने दप्तर खाली ठेवलं नाही. मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरलं. मी ते पाहिलं, आणि संकोच म्हणून सोडून दिलं. या प्रकरणातली माझी पहिली चूक तीच. आणखी मोठी एक पुढे येईल.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीने आणि तिच्या आईने लिहायला होकार दिला. मुलीची एकच अट होती : ‘बिचारी’ हा शब्द कुठे यायला नको.)

तक्रार काय होती

वर्गशिक्षिकेशी बोलले. बाई कडक आहेत, पण दुष्ट मुळीच नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दर थोड्या दिवसांनी ही मुलगी आजारी खोलीत जाते, अर्धा दिवस घरी जाते किंवा येतच नाही. तेही नेमकं तोंडी परीक्षेच्या दिवशी, खेळाच्या तासाला, प्रकल्प मांडायच्या वेळी. ‘आणि खरं सांगू? त्याच सकाळी मी तिला मैत्रिणींबरोबर खिदळताना पाहिलेलं असतं. गणिताच्या तासाला बसून उदाहरणं सोडवत असते. ज्याला एवढं दुखतं तो गणितं करेल का?’

हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. तेव्हा तो मलाही पटला होता.

मग मी एक साधं काम केलं, जे आधी कुणीतरी करायला हवं होतं. मागच्या दीड वर्षाचे हजेरीपट मागवले आणि तिच्या गैरहजेरीच्या, अर्ध्या दिवसाच्या तारखा एका कागदावर मांडल्या. दोन तारखांमधलं अंतर सव्वीस दिवस, अठ्ठावीस, सत्तावीस, तीस. बाईंना ठळक आठवत होते ते तीन दिवस : तोंडी परीक्षा, खेळ, प्रकल्प. कागदावर दिवस त्याहून कितीतरी जास्त होते आणि त्यांतल्या बहुतेक दिवशी शाळेत टाळावं असं काहीच नव्हतं. ते दिवस कुणाच्या लक्षात राहिले नाहीत, कारण त्यांनी कुणाचं काही अडलं नव्हतं. वर्ष बदललं की शिक्षक बदलतात, हजेरीपटही बदलतो. तारखा सगळ्या नोंदलेल्या होत्या, ओळीने मात्र कुणी वाचल्या नव्हत्या.

म्हणजे पाळी. इथपर्यंत पोचायला मला एक दुपार लागली आणि मोठं काही हाती लागल्यासारखं वाटलं. पुढचे तीन आठवडे मी ते वाया घालवले.

माझे तीन आठवडे

पाळीत दुखतं, परीक्षा जवळ आहे, ताण आहे, ताणाने दुखणं वाढतं : माझ्या डोक्यात साखळी तयार झाली. तिच्यात खोटं काही नाही. ताण, झोप, भीती यांचा वेदनेवर परिणाम होतो, हे आता वादाचं राहिलेलं नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली ‘गेट कंट्रोल’चा सिद्धांत मांडला. दुखऱ्या जागेवरून निघालेला संदेश मज्जारज्जूतून जसाच्या तसा वर जात नाही, वाटेत त्याला जणू एक फाटक लागतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही हात असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तपशील पुढे बदलले. पण मन आणि वेदना यांची वेगवेगळी खाती नाहीत, ही गोष्ट टिकली.

तर मी तिला दीर्घ श्वसन शिकवलं. अंग सैल सोडण्याचे व्यायाम शिकवले. अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं. ती दर आठवड्याला वेळेवर यायची, सांगितलेलं सगळं करायची, आणि ‘कसं वाटतंय?’ विचारलं की म्हणायची, ‘बरं वाटतंय, मॅडम.’

मी नोंदीत लिहिलं : ‘प्रतिसाद चांगला.’

चौथ्या आठवड्यात ती आली नाही. आजारी खोलीतून निरोप आला की ती तिथे आहे. गेले तर ती जमिनीवर उकिडवी बसली होती, कपाळ पलंगाच्या लोखंडी दांडीला टेकवून. तोंड पांढरंफटक, ओठांच्या वर घाम. मला पाहिल्यावर ती हसली. तेच, खोलीत पहिल्यांदा आली तेव्हाचं हसू. त्या क्षणी मला कळलं की गेल्या तीन आठवड्यांतलं ‘बरं वाटतंय’ काय होतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ती ते बोलत होती. आणि इतके दिवस समोर मी होते.

चार म्हणजे किती

सावरल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात जास्त दुखणं. तुझं किती?

‘चार.’

‘मघाशी, खाली बसली होतीस तेव्हा?’

‘तेव्हाच चार. आता दोन.’

मग मी जे पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं ते विचारलं : तुझं दहा म्हणजे काय?

‘शुद्ध हरपणं. एकदाच झालं होतं, सातवीत. बाथरूममध्ये.’

हा आकडा रुग्णालयात, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे विचारतात. उपयोगाचाही आहे, पण एकाच माणसाचं कालचं आणि आजचं दुखणं ताडून पाहायला. दोन माणसांत तुलना करायला तो कुचकामी, कारण प्रत्येकाची पट्टी वेगळी. जिची पट्टी बेशुद्धीपाशी संपते तिचं चार ऐकून मी ‘मध्यम वेदना’ लिहून मोकळी झाले असते.

तिला पहिली पाळी बाराव्या वर्षी आली. पहिले काही महिने त्रास नव्हता, मग सुरू झाला. म्हणजे चार वर्षं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, दुखणं अंगावर काढणं. उपचार न करता, कुणाला फारसं न सांगता, आपल्याच अंगाच्या जिवावर दिवस ढकलणं. शब्द छान आहे, पण त्यात किंचित कौतुकही मिसळलेलं आहे आणि ते मला अलीकडे खुपायला लागलंय.

शब्दांच्या चिठ्ठ्या

मेल्झॅक यांनीच १९७५ साली मॅकगिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची इंग्रजी ७८ विशेषणं २० गटांत लावलेली आहेत. किती दुखतं याच्या जोडीला कसं दुखतं हेही विचारायचं, कारण वर्णनातून दुखण्याची जात कळते. ही यादी भाषांतर करून वापरण्यात मला रस नव्हता. मराठी स्वतःच या बाबतीत श्रीमंत आहे. मी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि एकेकीवर एकेक शब्द लिहिला : कळ, ठणका, सणक, चमक, ओढ, रग, पेटका, मुरडा, ठसठस, जळजळ, टोचणी, पिळवटणं, अवघडणं, जड होणं, बधिरपणा, आणि असेच आणखी काही. तिला म्हटलं, यांतले तुझे कुठले ते काढ. घाई नाही.

ती बराच वेळ चिठ्ठ्या हातात घेऊन बसली. ‘ठणका’ उचलला, ठेवला. ‘ठणका दाताचा असतो ना, मॅडम? एकसारखा?’ तो बाद झाला. ‘पिळवटणं’ आणि ‘कळ’ शेजारी ठेवले. ‘कळ येते नि जाते. पिळा भरल्यासारखं होतं, मग सुटतं, मग परत.’ ‘जड होणं’ मांड्यांसाठी घेतलं. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. आवळणं जोराचं असलं की त्या स्नायूचा स्वतःचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळ येते. मळमळ, जुलाब, डोकं दुखणं हेही बरंचसं याच रसायनांचं काम. स्रावाच्या आगेमागे सुरू होणारं हे दुखणं साधारण ८ ते ७२ तासांत ओसरतं.

पण एक चिठ्ठी तिने ढिगात ठेवली नाही. टेबलाच्या पार कडेला, एकटीच ठेवली : ‘सणक’.

‘ही?’

‘ही याच्यातली नाही. ती वेगळीच आहे.’

‘कधी येते?’

ती गप्प. दप्तर पुन्हा पोटाशी गेलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, ‘संडासला बसलं की. खालून वर जाते, सुरी गेल्यासारखी. पण फक्त त्या चार दिवसांतच.’

‘हे कुणाला सांगितलंयस?’

‘कुणी विचारलंच नाही. सगळे पोटाचंच विचारतात.’

मी डॉक्टर नाही आणि निदान करणं माझं काम नाही. पण पाळीच्या दिवसांतच शौचाच्या वेळी होणारी तीव्र वेदना ही ताण आणि श्वसनाच्या खात्यात टाकण्याची गोष्ट नाही, एवढं मला माहीत होतं. त्याच दुपारी आईला फोन केला.

हे लिहिताना जाणवतं, की चार वर्षांत तिने ‘पोटात दुखतं’ हे वाक्य शेकडो वेळा उच्चारलं असेल. आई, शिक्षक, परिचारिका, घरचे डॉक्टर, सगळ्यांपाशी. वाक्य खरं होतं, पण त्यात काहीच मावत नव्हतं. ती बोलत नव्हती असं नाही. आम्ही तिला एकच शब्द दिला होता.

स्वच्छ रिपोर्ट

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मी बरोबर गेले नाही. मुलीने आणि मी मिळून एक पान तयार केलं होतं, ते ती घेऊन गेली : तारखा, कळ कधी सुरू होते, किती तास राहते, सणक, शुद्ध हरपल्याचा प्रसंग, घेतलेल्या गोळ्या आणि किती उशिरा घेतल्या ते. पुढचं आई आणि मुलीने सांगितलं तसं लिहिते.

सोनोग्राफी झाली. काही सापडलं नाही. आईचा जीव भांड्यात पडला. ‘म्हणजे काही नाही ना, डॉक्टर?’ मुलगी मला नंतर म्हणाली, की त्या वाक्याला तिच्या पोटात गोळा आला. रिपोर्ट वाईट यावा असं कुणाला वाटेल? तिला वाटलं होतं. काहीतरी दिसलं असतं तर कागदावर आलं असतं, आणि कागद शाळेत दाखवता आला असता.

डॉक्टरांनी आईला सांगितलं ते असं : सोनोग्राफीत दिसलं नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात इतरत्र वाढतात. वरवरचे, छोटे डाग सोनोग्राफीत निसटतात. मुलीचं वर्णन त्याच्याशी जुळतं, पण जुळणं म्हणजे खात्री नव्हे.

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना तो असतो, आणि निदान व्हायला बऱ्याच जणींची वर्षंच्या वर्षं जातात. पूर्वी लॅप्रोस्कोपी करून, म्हणजे पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय त्याचं नाव घेत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका सैल केली. लक्षणं जुळत असतील तर आधी औषध देऊन पाहावं, असा कल आता आहे. डॉक्टरांनीही तेच सुचवलं, हार्मोनच्या गोळ्या. आई आधी बिचकली. सोळाव्या वर्षी हार्मोन? दोन दिवस मागितले, प्रश्नांची यादी घेऊन परत गेली, मग तयार झाली. मला ती यादी आवडली. घाईने दिलेल्या होकारापेक्षा बरी.

आणि वेदनाशामक गोळीची गोष्ट. मुलगी गोळी घ्यायची, पण ‘अगदीच सहन होईना’ असं झालं की मगच. सवय लागेल ही भीती. त्यात मळमळीमुळे पोटात काही नसायचं. शिवाय जी गोळी मिळेल ती, बहुतेक वेळा मैत्रिणीच्या दप्तरातली. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधं मुळात प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. रसायन तयार होऊन स्नायू आवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पुराच्या पाण्यावर बांध घालायला धावल्यासारखी. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, की पाळीची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन, ठरवून दिलेल्या मात्रेत, पहिले दोन दिवस ठरावीक अंतराने घ्यायची. (दमा, पोटातला व्रण, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ही औषधं चालतीलच असं नाही, तेव्हा मैत्रिणीच्या दप्तरातून गोळी घेणं कुणालाच सुचवू नये.)

‘चार वर्षं मी गोळी वाचवून ठेवत होते,’ मुलगी म्हणाली. ‘खरं तर गोळी वाया घालवत होते.’

ती काय काय करायची

डॉक्टरांचा भाग मार्गी लागल्यावर मी तिला म्हटलं, आता मला शिकव. चार वर्षं तू हे कसं निभावलंस ते सगळं सांग. तिच्या उत्तरांची ही यादी नव्हे, मला लक्षात राहिलेलं आहे.

दप्तर पोटाशी दाबणं आलंच. डाव्या तळव्यात पेनाचं टोपण रुतवणं, ‘म्हणजे दुखणं दोन ठिकाणी वाटलं जातं’. वर्गातल्या जमिनीच्या फरशा मोजणं, फळ्यापासून दारापर्यंत. मागच्या बाकावर बसणं, कारण पुढे वाकलं तर दिसत नाही. आदल्या रात्री पुढच्या दिवसाचा अभ्यास उरकून ठेवणं, न येता आलं तर मागे पडू नये म्हणून. म्हणजे जी मुलगी अभ्यास टाळते असं आम्ही म्हणत होतो ती तारखा बघून आगाऊ अभ्यास करत होती.

आणि गणित. ‘सगळ्यात चांगलं गणित. मोठी, किचकट, चारपाच पायऱ्यांची. भाषेचा धडा वाचताना दुखणं मध्ये मध्ये येतं. गणितात शिरलं की थोडा वेळ बाहेर राहतं.’

वर्गशिक्षिकेचा प्रश्न आठवा. ज्याला एवढं दुखतं तो गणितं करेल का? ती दुखत होतं म्हणूनच करत होती. वेदना लक्ष मागते, आणि लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. अवघड कामाने ते पुरतं गुंतवलं तर वेदनेच्या वाट्याला कमी येतं, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. सोपं काम पुरत नाही, खरोखर डोकं लागणारं हवं. सोळा वर्षांच्या मुलीने हे कुणी न सांगता शोधलं होतं, आणि तिने शोधलेला उपाय आमच्याकडे तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून जमा झाला होता.

हसण्याचंही तेच. ‘तोंड पाडून बसलं की सगळे विचारतात काय झालं. मग सांगावं लागतं. मुलं असतात. हसलं की कुणी विचारत नाही.’

हसणं मात्र मी गणिताच्या रांगेत बसवणार नाही. गणिताने दुखणं खरंच थोडं कमी होत होतं. हसण्याने फक्त दिसायचं कमी होत होतं, आणि दिसायचं कमी झालं की मदतही कमी. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. दोन्हीला आम्ही ‘सोसण्याची पद्धत’ म्हणतो. पण एकीचा रोख दुखण्याकडे असतो, दुसरीचा आजूबाजूच्या माणसांकडे.

वर्गातल्या चिठ्ठ्या

तिच्याबद्दल वर्गात काही बोलायचं नाही, हे ठरलेलं होतं. पण त्याच वर्गाला मी एक तास मागून घेतला. प्रत्येकाने निनावी लिहायचं : शेवटचं कधी जोरात दुखलं आणि तुम्ही काय केलंत. चिठ्ठ्या वर्गशिक्षिकाही वाचतील, हे आधीच सांगितलं.

एकाने लिहिलं, ‘गुडघा दुखतो पण सांगत नाही, संघातून काढतील.’ एकीची अर्धशिशी : ‘बाथरूमचा दिवा बंद करून बसते, बाहेरून कुणी ठोठावलं की खोकते.’ कुणी बर्फ लावतं, कुणी आईला मिठी मारतं, कुणी मोबाईलवर खेळतं. एकाने अतिशय सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘मी जोरजोरात शिव्या देतो.’ बाईंच्या कपाळावर आठी आली. मला राहवेना, मी त्यांना सांगितलं, की कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हाच प्रयोग केला होता. बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून शिवी हासडणारे लोक साधा शब्द उच्चारणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ हात बुडवून ठेवू शकले. शाळेत याची शिफारस करणार नाही, एवढंही जोडलं.

आणि एक चिठ्ठी : ‘मला दुखत नाही. सवय आहे.’ अक्षरावरून कोण ते मला कळलं नाही. ती चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे.

तास संपल्यावर बाई थांबल्या. त्या विरघळल्या वगैरे नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, ‘हे सगळं ठीक. पण मग खरं कोण आणि खोटं कोण, मी ओळखायचं कसं? काही जण खरंच कारणं सांगतात.’

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं चोख उत्तर नाही. वेदना मोजायचं यंत्र नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत दोन गोष्टी लिहिल्या : माणूस ‘दुखतंय’ म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखावा, आणि बोलून दाखवणं ही वेदना व्यक्त करण्याची अनेक वर्तनांपैकी फक्त एक रीत आहे. मी बाईंना तेच माझ्या भाषेत सांगितलं. दोन चुका शक्य आहेत. खोट्यावर विश्वास ठेवला तर एखादा तास बुडेल. खऱ्यावर ठेवला नाही तर काय होतं ते तुमच्या हजेरीपटात दीड वर्ष लिहिलेलं आहे. कुठली चूक परवडते ते तुम्ही ठरवा.

बाई म्हणाल्या, ‘बघते.’

शाळेत काय बदललं

फार काही नाही, आणि जे बदललं त्यातलं बरंचसं मुलीने ठरवलं. मी एक ओळखपत्रासारखं कार्ड सुचवलं होतं, दाखवलं की वर्गातून बाहेर जाता येईल असं. तिने ते साफ नाकारलं. ‘म्हणजे सगळ्यांना कळेल. आत्ता निदान काही जणांना वाटतं मी आळशी आहे.’ मला हसू आलं, मग आलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. मागच्या बाकावरची कडेची जागा तिची. दुखायला लागलं की न विचारता उठून मागे उभं राहायचं, दोन मिनिटं फिरायचं, परत बसायचं. आजारी खोलीत गरम पाण्याची पिशवी ठेवली. शेक हा काही नुसता मनाचा दिलासा नव्हे. २००१ सालच्या एका चाचणीत ओटीपोटावर सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब तासन्‌तास देणारा पट्टा आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरला होता. पिशवी आली आणि पहिल्याच महिन्यात ती न्यायला आणखी तीन मुली आल्या. त्या आधी कुठे होत्या, हा प्रश्न मी सध्या नुसता लिहून ठेवला आहे. खेळाच्या तासाला सूट पहिल्या दिवसापुरतीच, तीही तिने मागितली तर. बाकी दिवशी तिला खेळायचं होतं आणि नियमित व्यायामाने पाळीतलं दुखणं कमी व्हायला मदत होते, म्हणून मीही जास्त सुटीचा आग्रह धरला नाही.

श्वसनाचे व्यायाम आम्ही टाकून दिले नाहीत. गोळी आणि शेक यांच्या जोडीला त्यांचा तिला उपयोग होतो, असं ती म्हणते. आता ती म्हणते तेव्हा मी एकदा उलट विचारते, ‘खरं की मला बरं वाटावं म्हणून?’ एकदा ती म्हणाली, ‘आज तुम्हाला बरं वाटावं म्हणून.’ ती नोंद मी ‘प्रतिसाद चांगला’ या सदरात लिहिली.

आणि हसण्याबद्दल एक करार झाला. वर्गात हसायचं तर हस, पण दोन माणसं अशी निवड की ज्यांच्यापुढे हसायचं नाही. तिने एक मैत्रीण निवडली. दुसरी आई असेल असं मी धरून चालले होते, पण तिने गणिताच्या सरांचं नाव घेतलं. ‘ते काही विचारत नाहीत, मॅडम. नुसतं एक जास्तीचं उदाहरण देतात.’ सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने त्यांना काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

पाच महिन्यांनंतर

गोळ्या सुरू झाल्यावर पहिले दोन महिने मध्येच डाग लागायचे, त्याने ती वैतागली होती. मग ते थांबलं. सणक कमी झाली, गेली नाही. कळ येते, पण गेल्या तीन खेपांपैकी दोनदा ती शाळेत पूर्ण दिवस बसली आणि एकदा अर्ध्या दिवसाने घरी गेली. डॉक्टरांनी आणखी काही महिने पाहायचं ठरवलं आहे, फरक पडला नाही तर लॅप्रोस्कोपीचा विचार. निदानाचा रकाना माझ्या फाईलमध्ये अजून रिकामा आहे. तिची पट्टीही बदलली. मागच्या महिन्यात तिने ‘सहा’ सांगितलं, तेव्हा मी दचकले. ती म्हणाली, ‘नाही, कमीच आहे. पण आधी मी चार म्हणायचे ना, ते चूक होतं.’

परवा वर्गशिक्षिका जिन्यात भेटल्या. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, घाईत होत्या.

‘तुमची ती मुलगी,’ त्या म्हणाल्या. ‘काल मधल्या सुट्टीत हसत होती मैत्रिणींत. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, दुखतंय का गं? तर हो म्हणाली.’

‘मग?’

‘मग काय. हो म्हणाली आणि परत हसायला लागली.’ त्यांनी वह्या सावरल्या. ‘मी पिशवी आणून दिली.’